हलक्या पैलवानांची गड्डी: डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांतलं गणित

आजचं व्याख्यान पत्त्यांवर आहे म्हटल्यावर काही जणांनी आम्हाला हसत विचारलं, रमीवर बोलणार का? नाही. रमीवर बोलायला मध्यंतरी पुष्कळ लोक होते आणि त्यातले निम्मे जाहिरातीत होते. आपण बोलणार आहोत ते पैलवानांच्या पत्त्यांवर. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं जालन्यात काय, अंबड-परतूरला काय, शाळेजवळच्या प्रत्येक टपरीवर लटकलेले असायचे ते. समोर फोटो, खाली आकडे. रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स फॉट, फाइट्स वन. इंग्रजी दुसरं काही न येणाऱ्या मुलालासुद्धा एवढे सात शब्द येत असत.

आता त्या कंपनीनं २००२ साली नाव बदललं. वन्यजीवांचं काम करणारी जी संस्था आहे, पांडाच्या चिन्हाची, तिचीही आद्याक्षरं तीच होती. कोर्टात भांडण झालं आणि कुस्तीवाल्यांना ‘एफ’ सोडून ‘ई’ घ्यावा लागला. आपल्याकडे मात्र पत्ते अजूनही डब्ल्यूडब्ल्यूएफचेच. आम्हीही आज तेच म्हणणार आहोत.

खेळ सगळ्यांना माहीत असेल, पण ही व्याख्यानं ऐकणारी काही मंडळी त्या वयात नव्हती, म्हणून थोडक्यात सांगतो. कॅट पिसायचा, निम्मा निम्मा वाटायचा. ज्याची पाळी तो आपलं वरचं पान बघतो आणि एक रकाना पुकारतो, समजा वजन. समोरच्यानं आपल्या वरच्या पानावरचं वजन सांगायचं. ज्याचा आकडा मोठा त्यानं दोन्ही पानं घ्यायची आणि आपल्या गड्डीच्या तळाला लावायची. पाळीही त्याचीच. एकाची गड्डी संपेपर्यंत हे चालतं. रँक हा एकच रकाना उलटा, तिथं लहान आकडा जिंकतो, कारण एक नंबर म्हणजे सगळ्यांत वर.

इथं नावाची एक गंमत आहे. याला ट्रम्प कार्ड म्हणतात, आणि ट्रम्प म्हणजे आपला हुकूम. पण या खेळात हुकूम नावाची चीजच नाही. मेंढीकोटात हुकूम ठरतो, तो सगळ्यांना बांधील असतो. इथं ज्याच्या हातात पाळी त्याचा हुकूम, आणि तो दर पानाला बदलतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

वरवर पाहिलं तर हा खेळ म्हणजे भिकार-सावकारचा भाऊ. भिकार-सावकारमध्ये खेळणाऱ्याला करायचं काहीच नसतं. पानं कशी पिसली गेली तिथंच निकाल लागलेला असतो, आपण फक्त तो उलगडून बघतो. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये निदान रकाना निवडायचा असतो. पण नीट विचार केला तर तेवढंच. कॅट एकच, वाटप नशिबाचं. म्हणजे कौशल्य फार तर इतकंच, की कुठल्या पानावर कुठला रकाना पुकारावा हे पाठ असणं.

आता आपण एक नियम बदलू. एकच कॅट वाटण्याऐवजी प्रत्येकानं आपापल्या साठ्यातून दहा पानं निवडून आणायची. ज्यांच्याकडे दोन-तीन कॅट जमलेले असत त्यांना हे सहज जमण्यासारखं होतं. खेळ तोच, नियम तेच, पण आता लढाई पिसण्याच्या आधी सुरू होते. गड्डी काय बांधायची हा प्रश्न आला आणि त्याच्याबरोबर डोकं वापरायची जागा आली.

बहुतेक मुलं काय बांधतील? पहाड. योकोझुना, आंद्रे द जायंट, बिग शो. नंतरच्या कॅटांत आपला ग्रेट खली. योकोझुनाचं वजन कंपनी पाचशे पौंडांच्या वर सांगायची. जायंट गोंझालेझची उंची आठ फूट सांगायची, जी तो खरोखर नव्हता. आंद्रेची सात फूट चार इंच. हे आकडे जाहिरातीचे असत, वजनकाट्याचे नसत, पण खेळाला त्याचं काय? पानावर छापलं ते खरं. अशी दहा पानं हातात आली की मुलाला वाटणार, आता आपल्याला कोण हरवतो. बदलाबदलीतही पहाड महाग. एका योकोझुनासाठी तीन-चार किरकोळ पानं सोडायला मुलं तयार, हे आपण कुठल्याही गल्लीत गृहीत धरू शकतो.

ही समजूत कुठं चुकते ते पाहू.

एका पानाची किंमत कशी करायची? मुलं सरासरी करतात. उंचीला बरा, वजनाला बरा, छातीला बरा, म्हणजे चांगलं पान. पण पाळी आपली असेल तेव्हा आपण सहा-सात रकाने पुकारत नाही, एकच पुकारतो, आणि तोही सगळ्यांत जोरदार. म्हणजे पुकारताना पानाची किंमत त्याच्या सर्वोत्तम आकड्याइतकी, बाकीचे आकडे फुकट. समजा तीस पानांच्या कॅटात एक पान प्रत्येक रकान्यात दहावं आहे. अष्टपैलू. ते पुकारलं तर बाकी एकोणतीसपैकी वीस पानांना हरवेल, म्हणजे शंभरात साधारण एकोणसत्तर वेळा. दुसरं पान पाच रकान्यांत शेवटून पहिलं, पण एका रकान्यात पहिलं. ते पुकारलं तर कुणाला हरणार नाही. सरासरी बघणारा पहिलं पान घेईल. खेळ जाणणारा दुसरं घेईल.

बरं, पाळी समोरच्याची असेल तर? मग तो त्याच्या पानाचा सर्वोत्तम आकडा पुकारणार. अष्टपैलूचा दहावा नंबर तिथंही उपयोगाचा नाही, कारण समोरून पहिल्या-दुसऱ्याचाच आकडा येतोय. म्हणजे अष्टपैलू पान हल्ल्यात दुबळं आणि बचावात निरुपयोगी. शाळेच्या निकालपत्रात ते शोभून दिसेल, या खेळात नाही.

आता पहाडांच्या समोर एक वेगळी गड्डी ठेवा. अंगानं हलके, पण रँक वरचा, जिंकलेल्या लढती भरपूर. ब्रेट हार्टसारखे. कंपनीच्या सांगण्यानुसार दोनशे पस्तीस पौंडांचा हा माणूस, योकोझुनाच्या निम्माही नाही. आपण ढोबळ गृहीतक धरू, की आपल्या कुठल्याही हलक्या पानाचा रँक त्याच्या कुठल्याही पहाडापेक्षा वर आहे, आणि त्याच्या कुठल्याही पहाडाचं वजन आपल्या कुठल्याही हलक्या पानापेक्षा जास्त आहे. प्रत्यक्षात एखाददुसरं पान याला अपवाद निघेल, निघू दे.

मग काय होतं? पाळी त्याची असेल तर तो वजन पुकारतो, जिंकतो, पाळी त्याच्याकडेच राहते. पुन्हा वजन, पुन्हा जिंकतो. दहा डावांत आपली गड्डी साफ. पाळी आपली असेल तर आपण रँक पुकारतो आणि दहा डावांत त्याची गड्डी साफ. मधलं काही नाही. वीस-शून्य किंवा शून्य-वीस. सगळा सामना छापा-काट्यावर.

थोडं थांबून बघा, हे विचित्र आहे. एवढी पानं जमवली, योकोझुनापायी बदलाबदली केली, आणि शेवटी पहिली पाळी कुणाची यावर निकाल. या खेळात खरी दौलत पान नाहीच. पाळी आहे. ज्याच्याकडे पाळी आहे त्याला कुठलीही बरी गड्डी पुरते.

म्हणजे गड्डी बांधताना प्रश्न बदलला. ‘माझी पानं किती जोरदार?’ हा प्रश्न गेला. ‘पाळी त्याच्याकडे असताना ती मी कशी हिसकावणार?’ हा आला.

कुस्तीत आणि पत्त्यांत मराठी माणूस ‘डाव’ हा एकच शब्द का वापरतो, हे आम्हाला इथं पटतं. पैलवान समोरच्यानं टाकलेल्या डावाची तोड तयार ठेवतो. नुसती ताकद वाढवून तोड होत नाही, तो नेमका काय करणार हे ओळखून होते. पहाडवाला काय करणार? तो वजनच पुकारणार. दुसरं पुकारण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. म्हणजे त्याची चाल आपल्याला पत्ते पिसायच्या आधी माहीत आहे.

मग आपल्या दहा हलक्या पानांतली एक-दोन काढून तिथं त्याच्या सगळ्या पहाडांपेक्षा जड अशी पानं घालू. यांना आपण ‘तोड’ म्हणू. तोडीचं काम एकच. त्यानं वजन पुकारलं आणि नेमकं ते पान वर असलं, की पाळी आपली. त्यानंतर आपण रँकवर येतो आणि त्याला परत संधी मिळत नाही.

(श्रोत्यांतून: मग सगळीच जड पानं का नकोत?)

बरोबर प्रश्न. एक तर तितकी मिळणार नाहीत. सगळ्यांत जड पान हे सगळ्यांत जड असल्यामुळेच थोडं असतं आणि महाग असतं. दुसरं, आपण हिशोब केला की दिसेल, तितकी लागतच नाहीत. चला, हिशोब करू.

पाळी त्याची, आपल्या गड्डीत दहा पानं, त्यात एक तोड, पिसलेली. तोड येईपर्यंत आपण किती पानं हरणार? ती पहिली असेल तर शून्य, दहावी असेल तर नऊ. सगळ्या जागा सारख्याच शक्य, म्हणून सरासरी साडेचार. तोडी दोन असतील तर पहिली तोड येईपर्यंत किती? इथं मोठं सूत्र मांडायची गरज नाही. शेतात बांध घातल्यासारखं बघा. आठ हलकी पानं म्हणजे जमीन, दोन तोडी म्हणजे दोन बांध. दोन बांधांनी जमिनीचे तीन तुकडे होतात: पहिल्या बांधाच्या अलीकडचा, मधला आणि शेवटचा. बांध कुठंही पडू शकतात आणि कुठल्याही तुकड्याला विशेष वागणूक नाही, म्हणून सरासरीनं तिन्ही तुकडे सारखे. आठ भागिले तीन, म्हणजे सुमारे २.६७. तीन तोडी असतील तर सात भागिले चार, १.७५. चार असतील तर सहा भागिले पाच, १.२. एक तोड असताना नऊ भागिले दोन, तेच साडेचार. सूत्र जुळलं.

आता आपण हरलेली पानं कुठं जातात? त्याच्या तळाला. आणि ही आपली हलकी, वरच्या रँकची पानं आहेत! पुढच्या फेरीत आपण रँक पुकारू तेव्हा तीच पानं त्याच्या बाजूनं उभी राहणार. आपलाच माणूस तिकडून लढणार. म्हणून तोड लवकर यायला हवी. उशिरा आलेली तोड पाळी आणते, पण तोवर त्याला आपल्याविरुद्धची तोड आपणच पुरवलेली असते.

पहिले दहा डाव संपल्यावर चित्र काय? आपण ‘हरलेली’ पानं समजा तीन, तर त्यानं तीन डाव जिंकले, आपण सात. प्रत्येक डावात दोन पानं. त्याच्याकडे सहा, आपल्याकडे चौदा, आणि पाळी आपली. सरासरीत मांडायचं तर, पाळी त्याची असताना:

तोड नसेल तर आपल्याकडे शून्य पानं, त्याच्याकडे वीस.
एक तोड: आपल्याकडे ११, त्याच्याकडे ९.
दोन तोडी: १४.६७ आणि ५.३३.
तीन तोडी: १६.५ आणि ३.५.
चार तोडी: १७.६ आणि २.४.

हे आकडे आम्ही मुद्दाम सावकाश वाचले. शून्यावरून अकरावर नेणारं पान पहिलं. दुसऱ्यानं आणखी साडेतीनच्या वर पानं दिली. तिसऱ्यानं दोनच्या आत. चौथ्यानं जेमतेम एक. म्हणजे दहा पानांत दोन तोडी, फार तर तीन. चौथ्या योकोझुनासाठी बदलाबदली करणारा मुलगा जवळपास फुकट पैसे घालवतोय. आणि उरलेली सात-आठ पानं ती, जी इतर मुलं ‘हा कुठला काडीपैलवान’ म्हणून स्वस्तात देऊन टाकतात. आम्हाला या गड्डीत आवडतं ते हे. ज्याच्या घरी दर आठवड्याला नवा कॅट येतो त्याच्याशी, ज्याच्याकडे एकच फाटका कॅट आहे तो मुलगा हिशोबानं बरोबरी करू शकतो. जिंकेल त्याची पानं कायमची त्याचीच, अशा बोलीवर खेळणाऱ्या मुलांसाठी ही बरोबरी लहान गोष्ट नव्हती.

अर्थात पाळी पहिल्यापासून आपलीच असेल तर तोडींची गरज नाही. पण त्या वेळी त्या ओझंही होत नाहीत, वर आल्या की वजन पुकारायचं. तोड दोन्ही बाजूंनी चालते. रँकमध्ये मात्र ती मार खाते, म्हणून तोड वर असताना सवयीनं ‘रँक’ ओरडायचं नाही. आपल्याला हसू येईल, पण सलग पाच डाव रँक पुकारल्यावर सहाव्याला तोंडातून रँकच निघतो.

आता उलटा रकाना. लहान आकडा मोठ्याला हरवतो हे मुलांना या पत्त्यांत पहिल्यांदा भेटतं, पण महाराष्ट्राला ते नवं नाही. सावंतवाडीची गंजिफा तुम्ही पाहिली असेल, निदान फोटोत. गोल, लाखेच्या चकाकीची, हातानं रंगवलेली पानं. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे एकशे वीस पानं. त्यात निम्म्या रंगांत दहा मोठा आणि एक लहान, उरलेल्या निम्म्या रंगांत एक मोठा आणि दहा लहान. खेळणाऱ्याला सतत डोक्यात ठेवावं लागतं की आत्ता आपण कुठल्या बाजूला आहोत. ज्यानं हा नियम घातला त्याला काहीतरी पक्कं समजलेलं होतं. एकाच दिशेनं मोजायचं ठरवलं की बलवान पानं कायमची बलवान होतात आणि खेळ वाटपातच संपतो. एखादी उलटी दिशा ठेवली की दुबळ्या पानाला जागा मिळते. आपल्या पत्त्यांत ते काम एकटा रँक करतो. तो काढून टाका आणि बघा, पहाडांच्या गड्डीला उत्तर शोधणं किती अवघड होतं.

(श्रोत्यांतून: पण एकदा आपण असं जिंकलो की समोरचाही शहाणा होणार ना?)

होणारच. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या आठ पहाडांत एक नंबर आणि दोन नंबर रँकची पानं घालून येणार. म्हणजे आपल्यासाठी त्याची तोड. आता चित्र आरशासारखं झालं: तो वजनावर चालतो आणि रँकची तोड बाळगतो, आपण रँकवर चालतो आणि वजनाची तोड बाळगतो. कुणालाच आधीचा फायदा नाही. मग आपण आणखी काही बदलणार, मग तो. याला शेवट आहे का?

हा प्रश्न गणितात फार जुना नाही. एमिल बोरेल या फ्रेंच गणितज्ञानं १९२१ साली असा खेळ मांडला, की दोघांकडे सारखी कुमक, ती वेगवेगळ्या ठिकाणी वाटायची आणि प्रत्येक ठिकाणी ज्याची जास्त तो जिंकणार. आपल्या गड्डीचा तो आजोबाच म्हणा. पुढं १९२८ साली जॉन फॉन नॉयमन यांनी दाखवलं, की दोघांच्या अशा खेळात, जिथं एकाचा फायदा तेवढा दुसऱ्याचा तोटा असतो, कायम एकच चाल खेळून भागत नसेल तर चालींचं मिश्रण करावं, कधी ही कधी ती, आणि कुठली ते चिठ्ठी टाकून ठरवावं. असं मिश्रण कायम सापडतं, की त्यापलीकडे समोरचा आपलं नुकसान करू शकत नाही. दगड-कागद-कात्री खेळताना लहान मूल हे आपोआप करतं. सलग पाच वेळा दगड दाखवणाऱ्याला कुणीही कागद दाखवील.

गड्डीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की ‘सगळ्यांत चांगली गड्डी कुठली’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘आज तो काय आणेल’ याला आहे. हलक्या पैलवानांची गड्डी जिंकते ती ती भारी आहे म्हणून नाही. गल्लीत सगळे पहाड जमवतायत म्हणून जिंकते. उद्या गल्लीत सगळे हलके जमवायला लागले तर हलकी पानं महाग होतील आणि पहाड मातीमोल, आणि तेव्हा पहाडवाला अनपेक्षित ठरेल.

कुस्तीच्या मैदानाचं उदाहरण द्यायचा मोह होतो, कारण ते जालन्यातलंच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी इथं झाली. गादी विभागातून अभिजित कटके शेवटच्या लढतीत आले, आदल्याच वर्षीची गदा त्यांच्याकडे होती. माती विभागातून बुलढाण्याचे बाला रफिक शेख. दोघांची पानं त्या सकाळी छापली असती तर रँकच्या रकान्यात कटके वर असते. गदा बाला रफिक यांनी नेली. पण यापुढं हे उदाहरण ताणू नये. खऱ्या कुस्तीत रकाना पुकारायची पाळी एकाकडे नसते, दोघंही एकाच वेळी पुकारत असतात, आणि कुणाचाही आकडा लढतीभर तोच राहत नाही. पत्ता म्हणजे गोठवलेला पैलवान. उलट टीव्हीवरची ती अमेरिकी कुस्ती, जिचे निकाल आधी लिहिलेले असतात, ती पत्त्यांच्या जास्त जवळची.

आता थोडं त्या अमेरिकेकडे, कारण तिथं गड्डी बांधण्याचाच एक पूर्ण खेळ निघाला. २००० साली ‘रॉ डील’ नावाचा खेळ कॉमिक इमेजेस या कंपनीनं आणला. त्यात आधी आपला पैलवान निवडायचा, मग साठ पानांची गड्डी बांधायची. ठोसे, पकडी, कैच्या, आणि समोरच्याचा डाव उलटवणारी पानं. त्याची कल्पना आम्हाला फार सुंदर वाटते: गड्डी हेच आयुष्य. समोरच्यानं पाचाचा मार दिला तर आपल्या गड्डीची वरची पाच पानं उलटून बाजूला जातात. गड्डी संपली की आपण संपलो. आणि पानं उलटताना मधेच त्या डावाला उलटवणारं, तिथं चालणारं पान निघालं, तर मार तिथंच थांबतो. समोरच्याची पाळी जाते.

ओळखीचं वाटतंय ना? हीच आपली तोड, आणि हाच आपला बांध. साठांपैकी वीस पानं उलटवणारी ठेवली तर मार थांबेपर्यंत सरासरी चाळीस भागिले एकवीस, म्हणजे सुमारे दोन साधी पानं जातात. तीस ठेवली तर तीस भागिले एकतीस, एकाच्याही आत. प्रत्येक उलटं पान प्रत्येक डावाला चालत नाही, त्यामुळे खरा आकडा याहून वाईट असतो, पण दिशा तीच.

मग तिथली अनपेक्षित गड्डी कशी? सगळे जण मोठ्या माराची पानं भरतात, कारण मोठा आकडा दिसायला छान. पण दर पाळीला प्रत्येकाला एक पान ओढावंच लागतं, आणि गड्डी हेच आयुष्य असल्यामुळे ओढणं म्हणजेच झिजणं. केन या पैलवानाला एक अंगभूत सवलत आहे: त्याच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला समोरच्याच्या गड्डीतलं वरचं एक पान बाद होतं, काही न खेळता. आता हिशोब करा. केनच्या हातात सुरुवातीला सात पानं, म्हणजे गड्डीत त्रेपन्न. समोर स्टोन कोल्ड, त्याचीही सात, त्रेपन्नच. कुणी काहीच मार दिला नाही तर केन दर फेरीला एकानं झिजतो, स्टोन कोल्ड दोनानं. सत्ताविसाव्या फेरीत स्टोन कोल्ड संपतो, तेव्हा केनच्या गड्डीत निम्मी पानं शिल्लक. समोर मॅनकाइंड असेल तर आणखी लवकर. त्याची सुरुवात दोन पानांनी होते, म्हणून गड्डीत अठ्ठावन्न, पण त्याला दर पाळीला दोन पानं ओढावी लागतात. तीनानं झिजून तो विसाव्या फेरीत गार. म्हणजे केनवाल्यानं एकही ठोसा न ठेवता सगळी गड्डी बचावानं भरली, तरी घड्याळ त्याच्या बाजूनं चालतं. फक्त वेळ काढायचा. बघणाऱ्याला कंटाळवाणं, समोरच्याला संताप आणणारं, आणि पूर्णपणे नियमात बसणारं.

कौशल्य कुठं असतं हा प्रश्न नुसता खेळाचा नाही, म्हणून दोन शब्द त्यावर. आपल्याकडे जुगाराचा कायदा १८८७ चा, आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. १९६०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयानं रमीला तीनपत्तीपासून वेगळं काढलं, कारण रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं हे ठरवावं लागतं. पुढं मोबाईलवर पैशाची रमी आली तेव्हा ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं! २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले, कौशल्य असो की नशीब. आमचं म्हणणं एवढंच, की ‘कौशल्य आहे’ हे वाक्य खरं असूनही फसवू शकतं. आपल्या गड्डीत कौशल्य होतं, आपण आत्ताच पाहिलं. पण एक तोड ठेवली तेव्हा सरासरी अकरा-नऊ होती, आणि सरासरीच्या आड काय होतं? दहात एकदा तोड अगदी तळाला बसते. तेव्हा पहिल्या दहा डावांनंतर आपल्याकडे दोन पानं असतात, त्याच्याकडे अठरा. गड्डी तीच, डोकं तेच. हरलेला मुलगा घरी जाऊन म्हणतो, माझी गड्डी चुकली, आणि आणखी एक कॅट घ्यायला पैसे मागतो. गड्डी चुकलेली नसते. तोड तळाला होती.

(श्रोत्यांतून: दोन तोडी असतील तर असं किती वेळा होईल?)

दोन्ही तोडी अगदी तळाला, म्हणजे नवव्या आणि दहाव्या जागी बसायला हव्यात. दहा जागांतून दोन निवडायचे पंचेचाळीस प्रकार, त्यातला हा एक. पंचेचाळिसात एकदा. आणि त्या वेळीसुद्धा आठ पानं हरल्यावर नववीला पाळी आपली येते. आपल्याकडे चार पानं होतात, त्याच्याकडे सोळा, त्यात आठ आपलीच. तिथून जिंकणं अवघड आहे, पण पाळी आपल्याकडे आहे.

आणखी प्रश्न असतील तर चहाच्या वेळी घेऊ. मागं टेबलावर दोन कॅट ठेवलेत. पिसून बघा, आणि दहा-दहा पानं निवडताना एकमेकांना दाखवू नका.